पाटी सुरू होऊ शकत नाही

माझे वडील, बापू, त्या दिवशी कातरींना धार लावायला वसमतला आले होते. मेंढ्या कातरायच्या दोन कातरी, फडक्यात गुंडाळलेल्या, त्यांनी माझ्या कीबोर्डशेजारी ठेवल्या आणि खुर्च्या रिकाम्या असताना फरशीवर बसले. आमच्या खुर्च्या फिरत्या होत्या. फिरणाऱ्या वस्तूवर बसायला मी काय जत्रेत आलोय का, असं त्यांचं म्हणणं.

आमचा क्लास बसस्टँडमागच्या गल्लीत, खताच्या दुकानावर होता. आमचा म्हणजे माझा आणि हनुमानदादाचा. तो माझ्या आत्याचा मुलगा, गोरेगावचा. सकाळी आम्ही मुलांना टायपिंग शिकवायचो आणि दुपारी पाटीचं काम करायचो. पाटी हा आमचा प्रोग्राम. तो मी लिहायची आणि शाळाशाळांतून फिरून दादा बसवायचा. मुलांनी मराठीत आज्ञा लिहायच्या, लिहा, मोजा, जर, नाहीतर, पुन्हा, आणि पाटीनं एकेक ओळ वाचून ती संगणकाकडून करून घ्यायची. दुभाष्याचं काम. इंग्रजी येत नाही म्हणून गोरेगावच्या, सेनगावच्या मुलांनी संगणकापुढे नुसतं बसून राहायचं, हे मला पटत नव्हतं. तिथून ते सुरू झालं होतं.

त्या दुपारी आमचं भांडण चाललं होतं ते पाटी सुरूच झाली नाही तर काय करायचं, यावर.

सुरू होताना पाटीला आधी संगणकाकडून जागा मागावी लागे. मग ती अक्षरांची फाईल उघडे, मग शब्दांची. एवढं झालं की तिला तोंड फुटायचं. त्यानंतर कुणाचं काहीही चुकलं तरी ती नीट सांगायची, अमुक ओळीत चूक आहे, अमुक शब्द मला माहीत नाही. पण ह्या पहिल्या पावलांतच काही बिघडलं, अक्षरांचीच फाईल सापडली नाही, तर मराठीत सांगणार कशी? अक्षरंच आलेली नसत. दादानं त्यावर तोडगा काढला होता. त्यानं वाळूच्या घड्याळाचं एक चित्र काढून प्रोग्रामच्या पोटात घातलं होतं, खाली दोन शब्द, तेही चित्रासारखेच रंगवलेले: थोडं थांबा. काहीही बिघडो, तेच चित्र. मग पाटी तिथेच गोल गोल फिरत राहायची आणि माऊससुद्धा हलायचा नाही.

“हे काढायचं, दादा,” मी म्हटलं.

“काहून?”

“थांबून काही होणार नाही म्हणून. फाईल नाहीच, तर ती दिवाळीपर्यंत थांबलं तरी येणार नाही.”

“अन् गुरुजीला काय वाटंल? पहिल्यांदा मशीन चालू केली अन् समोर काय, तर सुरू होऊ शकत नाही. पुन्हा तो मला शाळेच्या फाटकातून आत घेईन का?”

“काय भांडून राहिले रे?” बापूंनी विचारलं.

दादानं त्यांना पंच केलं. “मामा, तुमीच सांगा. कोनाच्या घरी वाईट झालं अन् तुमाला लेकीला आनायला धाडलं, तर तुमी तिला तोंडावर सांगता का?”

बापू मांडी बदलून सरळ बसले. हा त्यांचा विषय होता.

आमच्याकडे घरात कुणी गेलं की सासरच्या लेकीला आणायला माणूस धाडतात. त्या माणसानं खरं सांगायचं नसतं. तब्येत जरा जास्त हाय, बोलावलंय, एवढंच. आमच्या शिरड शहापुरात ह्या कामाला बापूंसारखा माणूस नव्हता. कुणाच्याही घरचं असो, लोक त्यांनाच बोलवायला यायचे. ते लेकीच्या घरी जाऊन चहा घेत, शेरडं कशी आहेत विचारत, तिच्या लेकरांना वाटेत केळी घेऊन देत. गल्लीच्या तोंडाशी बसलेली माणसं दिसेपर्यंत त्या बाईला काही कळायचं नाही.

“माझ्यासंगं आलेली एक बी लेक रस्त्यात रडली न्हाई,” बापू म्हणाले.

“आणि घरी पोचल्यावर?”

“घरी रडू लागायला समदे असतात की. रस्त्यात कोन असतंय तिला?”

“खोटं बोलता तुम्ही, बापू.”

“खोटं कुठं? तब्येत जास्त व्हती म्हनूनच तं गेला ना तो.”

दादा खुर्चीत फिरत हसला. मलाही हसू आलं, ते मी दाबलं. बापूंनी फडकं सोडून कातरीची धार अंगठ्यानं चाचपली. “भेव घालू नका लोकायला,” असं मला सांगून ते संध्याकाळच्या गाडीनं गेले. दोघांविरुद्ध मी एकटी होते. चित्र राहिलं.

दुसऱ्या दिवशी मी फ्लॉप्या आणायला हिंगोलीला गेले होते. दुकानदारानं फोन माझ्याकडे दिला. पलीकडे दादा होता.

“मामाची तब्येत जरा जास्त झाली. तू नीघ.”

“बोलतात का?”

“झोपलेत आता.”

“दवाखान्यात नेलं?”

“डॉक्टर येऊन गेलते.”

“दादा, आहेत का ते?”

“हायेत, हायेत. तू ये तं.”

जीपमध्ये मी पुढे, ड्रायव्हरच्या शेजारी बसले. ती पद्धत मला पाठ होती. आदल्याच दिवशी तिच्यावर वाद घातला होता. तरीही औंढ्यापर्यंत मी त्या एका वाक्याची उलटसुलट तपासणी करत राहिले आणि माझ्या हाती काही लागलं नाही. खरोखर आजारी माणसासाठी हेच वाक्य वापरतात. सगळं संपलं असेल तरी हेच. दोन्हींना एकच वाक्य असेल तर ऐकणाऱ्याला काय कळणार? ज्याला जसं हवं तसं तो ते ऐकतो, आणि मला ते हवं तसंच ऐकू आलं. औंढ्याला जीप थांबली तेव्हा मी उतरून नांदेडला नात्यातल्या एका डॉक्टरांना फोन केला, पलंग मिळेल का विचारलं. ते म्हणाले, घेऊन या. ड्रायव्हरला विचारलं, शिरडहून तसंच पुढे नांदेडला पेशंट नेशील का. “कवाबी सांगा ताई,” तो म्हणाला. मला फार बरं वाटलं. मी रस्त्यात रडले नाही. बापूंची पद्धत माझ्यावर अगदी बरोबर चालली.

घरापुढच्या लिंबाखाली माणसं बसली होती. मेंढ्या अजून कोंडलेल्याच होत्या आणि ओरडत होत्या. बापू सकाळी त्यांना सोडायला म्हणून फाटकापाशी गेले आणि तिथेच बसले, ते उठले नाहीत. मी पोचायच्या कितीतरी आधीची गोष्ट. दादानं फोन केला तेव्हा त्यांना आंघोळ घालून झाली होती.

आई म्हणाली, “तुला कोनी सांगितलं न्हाई व्हय गं?”

लोकांनी दादाची तारीफ केली. पोरीला नीट आणलं म्हणाले. ते आपल्या जागी बरोबर होते, दादाही होता, आणि बापू असते तर त्यांनीही त्याच्या पाठीवर थाप मारली असती. मला हे मान्य नाही. तेव्हाही नव्हतं. हिंगोली ते शिरड हा रस्ता माझा होता. त्या रस्त्यावर मला माझ्या वडिलांचा विचार करायचा होता, ते होते तसे, आयुष्य पूर्ण झालेल्या माणसाचा. त्याऐवजी मी नसलेल्या माणसासाठी पलंग शोधत बसले. जीपवाल्याला मी नांदेड नको म्हणून सांगायला गेले तेव्हा तो खाली मान घालून उभा होता. लिंबाखालची माणसं त्यानंही पाहिली होती.

मंजुळाआत्याला कुणी आणायलाच गेलं नाही. ती बापूंची थोरली बहीण, हनुमानदादाची आई. वैशाखात ती पडली, खुबा मोडला आणि गोरेगावला खाटेवर होती. रक्तदाब वाढलेला. तिला धक्का देऊ नका, असं डॉक्टर म्हणाले, आणि दादानं त्याचा अर्थ लावला की काहीच सांगू नका. तिचा परभ्या, म्हणजे बापू, पुण्याला पोराकडं गेलाय, डोळ्याचं ऑपरेशन हाय, असं तिला सांगितलं. माझा भाऊ विजयकुमार पुण्याला होता, त्यामुळे गोष्ट जमून गेली. गल्लीतल्या बायाही त्यात सामील झाल्या. पुण्याला फोन लावून दे म्हणाली की दादा सांगायचा, फोन लागत न्हाई. तेराव्यानंतर मी एकदा तिला भेटायला गेले. तिनं मला विचारलं आणि उत्तर दादानं दिलं. मी पाण्याचा तांब्या हातात धरून उभी होते.

असा आषाढ संपला. श्रावणात, राखी आठवड्यावर आलेली असताना, गोरेगावच्या शाळेतून धर्मसिंग गुरुजींचा निरोप आला. तुमची पाटी चांगली आहे, पण वेळ फार लावते, एकदा येऊन बघा. दादा सेनगावला गेला होता, म्हणून मीच गेले.

वर्गात एकच संगणक होता, मुलं त्याच्यापुढे सतरंजीवर बसलेली. पडद्यावर वाळूचं घड्याळ. थोडं थांबा.

“केव्हापासून आहे हे?” मी विचारलं.

“प्रार्थना झाली तवापासून.”

“आणि काल?”

“काल बी. शाळा सुटूस्तर.”

“मग बंद का नाही केलीत, गुरुजी?”

“थांबा म्हनते ना ती. आपन बंद करायचं अन् नेमकं तवाच चालू व्हायची असली तर?”

पुढे एक मुलगी बसली होती. तिनं दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले होते, बोटं बरोबर ज्या त्या जागी, आणि ती ते उचलत नव्हती. हात काढला तर आपली पाळी जाईल, असं तिला कुणी सांगितलं असावं किंवा तिचं तिलाच वाटलं असावं. तिच्या मागची मुलं तिच्या बोटांकडे बघत होती. एवढा शांत वर्ग मी कधी पाहिला नाही.

मी भिंतीवरचं बटण बंद केलं. “ही सुरू होणार नव्हती,” मी म्हटलं. “सकाळीच नव्हती होणार. दुसऱ्या फ्लॉपीवरची अक्षरांची फाईल आत गेलेलीच नाही.”

गुरुजींना राग आला आणि त्यांनी तो लपवला नाही. “मग तसं सांगायचं ना तिनं. आमी तवर पाढे घेतले असते.”

मी त्यांच्याकडून दुपार मागून घेतली. मुलं पाढ्यांना गेली आणि मी तिथेच बसून काम केलं. प्रोग्राम लिहायच्या फ्लॉप्या पिशवीतच होत्या. जे करायचं ते मला कधीपासून माहीत होतं, फक्त मी ते दोघांसमोर सोडून दिलं होतं. आधी घड्याळ काढलं. मग मोजकीच अक्षरं ठिपक्याठिपक्यांनी काढून ती प्रोग्रामच्या आतच ठेवली, कुठल्याही फाईलवर अवलंबून नसलेली. मरतानाचं वाक्य बोलायला कुणाकडे काही मागायला जावं लागू नये. मग ते वाक्य. आणि शेवटचं म्हणजे, उगीच फिरत राहायचं नाही. घेतलेली जागा परत करायची, पडदा होता तसा करून द्यायचा आणि निघायचं. पाटी सुरू झाली नाही म्हणून संगणकानंही तिच्याबरोबर अडकून पडावं, असं काही नाही. पुढे काय करायचं ते ज्याचं त्याला ठरवू द्यावं. मात्र त्यासाठी त्याला काय झालं ते कळलं पाहिजे.

दादा मध्येच आला. मी गोरेगावला आल्याचं त्याला सेनगावच्या जीपस्टँडवर कळलं होतं. तो माझ्या मागे उभा राहून वाचत होता.

“घड्याळ कुठंय?”

“काढलं.”

“मला न विचारता?”

“हो.”

“तू मामाचा राग मशीनवर काढून राहिलीस, शीला.”

“नाही. मशीनचा राग तुझ्यावर काढणार आहे. जरा दम धर.”

तो बाकावर बसला. “पुढच्या महिन्यात शिक्षणखात्याचे साहेब येतेत बघायला. त्यांच्यापुढं अशी बोंबलली तर?”

“साहेबांना वाचता येतं ना?”

“सगळ्यायला सगळं लगेच कळायला पाहिजे, असं काही नसतंय. जरा दमानं सांगावं लागतं. माणसं हायेत ती.”

“तू दमानं सांगत नाहीस, दादा. तू सांगतच नाहीस. दमानं सांगणाऱ्याच्या तोंडी शेवटी तरी ती गोष्ट येते. तुझ्या ह्या घड्याळाच्या तोंडी कधी आली असती?”

“मामाबी असंच करत व्हते.”

“माहीत आहे. बापूंचंही चुकत होतं.”

हे मी त्यांच्या समोरही म्हटलं होतं आणि ते हसले होते. आता म्हणताना माझा आवाज जरा चढला. पण मी वाक्य मागे घेतलं नाही. गेलेल्या माणसाचं सगळंच बरोबर ठरवायचं, हेही मला मान्य नाही. त्यांच्याशी भांडायचं थांबले तर माझ्याकडे त्यांचं काय उरेल?

मी मुद्दाम अक्षरांची फाईल काढून ठेवली आणि मुलांना बोलावलं. पाटी चालू केली. पडदा काळा झाला आणि माझी ओबडधोबड अक्षरं आली. ‘ठ’ चांगलाच वाकडा होता.

पाटी सुरू होऊ शकत नाही.
अक्षरांची फाईल सापडली नाही.
दुसरी फ्लॉपी घाला.
संगणक ठीक आहे.

मुलांनी ते मोठ्यानं, एका सुरात वाचलं, धड्यासारखं. कुणी घाबरलं नाही. गुरुजींनी कपाटातून दुसरी फ्लॉपी आणली आणि हातानं पुसून घातली. पाटी सुरू झाली तेव्हा ती मुलगी आपल्या जागेवर येऊन बसली होतीच.

“तेवढा ठ नीट काढा म्याडम,” गुरुजी म्हणाले.

आत्याचं घर शाळेच्या मागच्या आळीला. जाताना दादा माझ्या पुढे चालत होता, मग मागे, मग शेजारी.

“तिथं काही बोलू नको. राखी होऊ दे. मग मी सांगीन, वक्त बघून.”

मी चालत राहिले.

“शीला, तिला काही झालं तर?”

“तर आपण दोघं तिथं असू.”

ओसरीत वहिनी, दादाची बायको, ज्वारी निवडत होती. आत्या खाटेवर उशीला टेकून बसली होती, केस विंचरलेले, कपाळ कोरं, अंगावर धुतलेलं लुगडं. रस्त्यावर जीपचा भोंगा झाला की भाऊ आला का ते ती वहिनीला बघून यायला सांगते, हे मला वहिनीनंच मागे सांगितलं होतं. रोज दुपारी केसही त्यासाठीच विंचरून घ्यायची.

“आली व्हय गं,” आत्या म्हणाली. “एकलीच?”

“दादा आहे ना.”

“त्याचं काय करायचंय मला. रोज बघते त्याला. परभ्या आला का?”

“ऑपरेशनची तारीख पुढं गेली, बाई,” दादा दारातूनच म्हणाला. “राखी पोस्टानं धाडू आपन.”

आत्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही. मला जवळ बोलावलं आणि खाटेच्या कडेवर हात आपटला, बस म्हणून. मी बसले. तिनं आवाज खाली आणला, पण तेवढ्या घरात तो सगळ्यांना ऐकू गेला.

“मला खुळी समजतेत हे. डोळ्याला एवढे दिवस लागतेत व्हय? त्या शिंद्याच्या म्हातारीचं सकाळी केलं अन् संध्याकाळी ती घरी व्हती. मला समजलंय काय ते.”

दादा दाराची चौकट धरून उभा राहिला.

“काय समजलं, आत्या?”

“रागावलाय तो. दिवाळीला मी त्याला बोलले, चार माणसात. म्हनलं, पोरगी एवढी झाली, तिला मशीनीपुढं बसवून ठेवलीस, लगीन काहून करत न्हाईस. तवा काही बोलला न्हाई. उठून मेंढ्याकडं गेला. तोच राग धरला त्यानं. म्हनून बहीण मोडून पडली तवा एकदा तोंड दाखवून गेला, मग बघायला आला न्हाई. तू सांग त्याला. म्हनाव, ती चुकली. थोरल्या बहिणीनं काय बोलूच नये का? मी पाया पडते म्हनाव त्याच्या.”

वहिनीचे हात सुपात थांबले. दादा मान हलवत होता, नको, नको. त्याचे डोळे भरले होते. तो तिच्यावर माया करत होता ह्यात मला तेव्हाही शंका नव्हती.

मी आत्याचा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. बापू गेले, वारले, देवाघरी गेले, असं सगळेजण म्हणत होते आणि मीही तेच म्हणत आले होते. जो शब्द मी शेतातल्या करडासाठीही सहज वापरला असता, तो बापूंसाठी माझ्या तोंडून एकदाही निघाला नव्हता.

“आत्या, इकडं माझ्याकडं बघ. बापू तुझ्यावर रागावले नाहीत. बापू मेले. आषाढात मेले, सकाळी मेंढ्या सोडायला गेले तेव्हा, फाटकापाशी. हृदय बंद पडलं. पुण्याला ते गेलेच नव्हते. तुला कुणी सांगितलं नाही, मीही सांगितलं नाही. ते आता येणार नाहीत. तुला काय विचारायचं ते विचार. मी सगळं सांगते.”